टेपचे चार थर

ग्लेनिस पॅस्को शनिवारी सकाळी मैदानामागच्या शेडमध्ये जमिनीवर बसून हिरव्या क्रेप कागदातून अक्षरं कापत होती. रविवारी क्लबच्या बायकांच्या फुटबॉल संघाचा बाद फेरीचा सामना होता, आणि सामन्याआधी खेळाडू ज्याला फाडून मैदानात धावत येतात तो कागदी बॅनर आजच पुरा व्हायला हवा होता. चांगला तीन मजले उंच बॅनर. कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी मांडायच्या, मागून टेप लावायची, वर अक्षरं चिकटवायची. ग्लेनिस फक्त अक्षरं कापायची. गेली बावीस वर्षं फक्त अक्षरं. टेपला ती हात लावत नसे, आणि कुणी विचारलंच तर बोटांत संधिवात आहे म्हणायची. कात्री धरताना तो संधिवात कुठे जातो, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नशीब तिचं.

बूट काढून, मोज्यांवर कागदाच्या कडेकडेने फिरत नेव आणि थान वाद घालत होते. नेव म्हणजे निवृत्त ट्रामचालक. अठरा वर्षांखालच्या पोरांचे सामने बघत मेलबर्नभर हिंडतो आणि एका जाड वहीत काय काय लिहितो. त्या वहीतलं क्वचितच खरं ठरतं, पण त्याचा आवाज कधी कमी होत नाही. थान औषधांच्या दुकानात काम करते, वय तिशीच्या आत, आणि तिच्या फोनमध्ये सगळ्या पोरांचे आकडे असतात. बुधवारी संध्याकाळी ड्राफ्ट होता. देशभरातली अठरा वर्षांची पोरं त्या दिवशी क्लब एकेक करून उचलतात, ज्याची जशी पाळी तसं. पोराला कुठे जायचंय, हे कुणी विचारत नाही.

"आपली पाळी अकरावी," नेव म्हणाला. "अकराव्याला उंच पोरगा घ्यायचा. मधल्या फळीतली बुटकी पोरं आपल्याकडे पोत्याने पडलीत."

"उंच पोरगा घेऊन काय करणार? बल्ब बदलायला?"

"तुला काय कळतंय? तू फोन बघतेस, मी खेळ बघतो."

"मागे तू ज्या उंच पोराच्या नावाने नाचत होतास, तो कुठे आहे आता?"

"त्याला वेळ द्यायला हवा होता."

"चार वर्षं दिली, नेव. आता घरं विकतोय तो. माझ्या भावाला दाखवायला आला होता."

नेवने टेपचा एक तुकडा अंगठ्याने दाबून बसवला. मग म्हणाला, "खरं बघायला गेलं तर हा वादच नको होता. रीस टियरनी आपलाच होता."

ग्लेनिसची कात्री थांबली. टियरनी नाव निघालं की दर वेळी थांबायची.

नियम शेडमधल्या प्रत्येकाला पाठ होता. बाप ज्या क्लबासाठी शंभर सामने खेळला, त्या क्लबाला त्याच्या पोरावर पहिला हक्क. रीसचा बाप वॉरिक टियरनी याच क्लबाकडून खेळला. नव्व्याण्णव सामने.

"आता चौथ्या पाळीला पर्थवाले उचलणार त्याला," नेव म्हणाला. "चार तास विमानाने. बिचारा वॉरिक. दोन वर्षांपूर्वी बायको गेली, घरात हा एकटा पोरगा, तोही चालला. आणि सगळं कशापायी? तर बॅनरपायी. अख्ख्या इतिहासात कागदात अडकून पडलेला दुसरा खेळाडू दाखव मला."

सगळे हसले. गोष्ट जुनी होती, तरी दर वेळी हसायचे.

"टेप कुणी लावली होती?" थानने सहज विचारलं.

"कोण जाणे. तेव्हा तीस-तीस माणसं असायची इथे."

तीस नव्हती. त्या रात्री शेवटी एकटी ग्लेनिस उरली होती. दुसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटणार असं रेडिओवर सांगितलं होतं, आणि वॉरिकच्या शंभराव्या सामन्याचा बॅनर वाऱ्याने मैदानातच फाटला तर काय शोभा राहणार, म्हणून तिने मधोमध दोनाच्या जागी चार थर लावले. ज्याचा शंभरावा सामना असतो तो एकटा पुढे धावतो, बाकीचे मागून येतात. वॉरिक धावत आला. कागद फाटला, टेप फाटली नाही. टेपच्या जाळ्यात गुडघा पिरगळून तो खाली गेला, पुन्हा कधीच खेळला नाही. सामना सुरूही झाला नव्हता, म्हणून तो मोजलाही गेला नाही. बावीस वर्षं ती हे कुणाशी बोलली नव्हती, नवरा जिवंत होता तेव्हा त्याच्याशीसुद्धा नाही.

आणि आता त्या टेपपायी एका बापाचं पोर जाणार होतं. हे काही तिला सहन होईना. "ओ" अर्धा कापून तसाच ठेवला आणि बूट चढवून ती निघाली.

वॉरिक एका शाळेच्या मैदानाची निगा राखायचा. शनिवार असूनही तो क्रिकेटच्या खेळपट्टीवर रोलर फिरवत होता. घरी बसून पोराचा चेहरा बघण्यापेक्षा बरं, असं त्याने नंतर सांगितलं. ग्लेनिसला बघून त्याने रोलर बंद केला आणि लंगडत पुढे आला. ते लंगडणं बघितलं आणि वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं ती विसरली.

"टेप मी लावली होती," ती म्हणाली.

"कसली टेप?"

"तुझ्या बॅनरची. चार थर. दोन पुरे होते. मी लावले, वॉरिक, मीच. तुझा गुडघा, तुझा शंभरावा, आणि आता रीस."

वॉरिक रोलरच्या चाकावर टेकला, टोपी काढून मांडीवर ठेवली. आता हा शिव्या देणार, असं ग्लेनिसला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या ऐकायलाच ती आली होती.

"ग्लेनिस, गुडघा गुरुवारीच गेला होता," तो म्हणाला.

"काय?"

"सरावात. शेवटची पाच मिनिटं राहिली होती. कुणी पाहिलं नाही. डॉक्टरला सांगितलं असतं तर शनिवारी बसवलं असतं मला. शंभरावा सामना, म्हातारी आई गावाहून आलेली, तुम्ही तो एवढा बॅनर केलेला. घट्ट पट्टी बांधली, गोळ्या घेतल्या, म्हटलं धावून तर बघू. बॅनरपर्यंतच धावलो."

"मग बॅनरचं नाव कशाला घेतलंस?"

"मी नाही घेतलं, लोकांनी घेतलं. मी फक्त नाही म्हणालो नाही."

ग्लेनिसला एकदम हलकं वाटलं. किती वेळ? दोन-तीन श्वास असेल. मग डोक्यात तिडीक गेली.

"बावीस वर्षं," ती म्हणाली. "तुझी बायको दुकानात दिसली की मी दुसऱ्या रांगेत जायचे. तिच्या अंत्यविधीला दारापर्यंत आले आणि आत यायला पाय उचलेना, परत गेले. मला किती आवडायची ती. आणि तू नुसता नाही म्हणाला नाहीस."

"मला काय माहीत कुणी लावली ते?"

"विचारलं होतंस कधी?"

त्याने मान खाली घातली. टोपीची कड चाचपली. मग म्हणाला, "अजून एक आहे. सांगितल्याशिवाय आता राहवत नाही. रीसचं डावं पाऊल दोन महिने दुखतंय. हाडात काहीतरी आहे. क्लबांच्या डॉक्टरांना त्याने सांगितलेलं नाही. मला विचारलं त्याने, बाबा, सांगू का. मी म्हटलं, बुधवारपर्यंत दात दाबून गप्प राहा."

ग्लेनिसने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं.

"सांगितलं तर ड्राफ्टमध्ये खाली घसरेल तो," वॉरिक म्हणाला. "कदाचित कुणी घेणारच नाही. लहानपणापासून एवढं एकच मागितलंय त्या पोराने."

"आणि नाही सांगितलं तर तुझ्यासारखा रोलर फिरवेल. फोन कर त्याला."

"ग्लेनिस..."

"माझी बावीस वर्षं तू परत देऊ शकत नाहीस. निदान एवढं कर."

"बघतो," तो म्हणाला. करतो म्हणाला नाही.

चार दिवस तिला धड झोप नाही की जेवण नाही. रविवारी बायकांचा संघ जिंकला, सगळे नाचले, हीही नाचली, पण लक्ष कुठे होतं? वॉरिकने सांगितलं असेल का? आणि सांगितलं असेल तर? एक विचार तिला राहून राहून यायचा, आणि तो आला की तिची तिलाच लाज वाटायची. पोरगा घसरला तर अकराव्यापर्यंत घसरेल. अकरावी पाळी आपली. म्हणजे आपण हे त्याच्या पावलासाठी बोललो, की त्याला इथे ठेवून घेण्यासाठी? रात्री अंथरुणात ती कूस बदलून बदलून हेच विचारायची, आणि उत्तर काही स्वच्छ येत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी शेडमध्ये टीव्ही लावला. बाहेर अजून लख्ख उजेड होता. दारापाशी सॉसेज भाजत होते, कांद्याचा वास सुटला होता, आणि जमिनीवर पुढच्या सामन्याचा बॅनर पसरलेला होता. टीव्हीवर एक मोठं सभागृह, गोल टेबलं, कोट घातलेली पोरं. एका टेबलावर रीस आणि वॉरिक. वॉरिक समोरच्या ताटाकडे बघत बसला होता.

पहिले तीन पोरगे अपेक्षेप्रमाणे गेले. चौथी पाळी पर्थची. नाव पुकारलं, ते रीसचं नव्हतं.

"आं?" नेव खुर्चीतून उठला. "काहीतरी भानगड आहे."

थानचं बोट फोनवर सरसर फिरलं. "पाऊल दुखतंय म्हणे. सोमवारी त्याने स्वतःच सगळ्या क्लबांना कळवलं."

"स्वतःच? डोकं फिरलंय का त्याचं? दोन दिवस गप्प बसता येत नव्हतं?"

ग्लेनिसने हातातली कात्री खाली ठेवली. पाचवा गेला. सहावा, सातवा. दर वेळी कॅमेरा रीसकडे वळायचा आणि दर वेळी पोरगा टाळ्या वाजवायचा, दुसऱ्याच्या नावाला. नववा, दहावा.

"आता आपण," थान म्हणाली. "घ्या त्याला. हातात आलाय. एवढा चांगला पोरगा अकराव्याला परत मिळायचा नाही."

"मोडका पाय घेऊन काय करायचंय?"

"शनिवारी तर आपलाच होता ना?"

"शनिवारी त्याचा पाय धड होता."

घ्या, ग्लेनिस मनात म्हणत होती, घ्या, त्याने खरं सांगितलंय, घ्या. क्लबाचा माणूस माइकपाशी आला, कागद उलगडला आणि टास्मानियाच्या एका पोराचं नाव वाचलं. चांगला दोन मीटर उंच. नेवने आनंदाने बाटली उंच धरली आणि अर्धी बियर स्वतःच्याच बाहीवर सांडली. थानने कपाळाला हात लावला.

ग्लेनिस मनात हिशेब मांडायला लागली. एकदा मी त्याच्या बापाच्या पायात आले असं वाटत होतं, ते खोटं निघालं. आता पोराच्या पायात मात्र खरोखरच आले. माझ्या सांगण्याने झालं हे, वॉरिक तर गप्पच बसला असता. बारावा गेला, तेरावाही.

चौदावी पाळी परत पर्थची होती, दुसऱ्या क्लबाकडून अदलाबदलीत मिळवलेली. त्यांची एक बाई माइकपाशी आली आणि तिने रीस टियरनीचं नाव वाचलं.

टीव्हीवर पोरगा उठला, वॉरिकने त्याला कवेत घेतलं आणि सोडेचना. मग रीस मंचाकडे चालत गेला. डावा पाय किंचित ओढत, सगळ्यांदेखत. आता लपवायचं कारण नव्हतं.

थोड्या वेळाने ग्लेनिसचा फोन वाजला. वॉरिकचा संदेश होता. "आधी पाय नीट करणार म्हणाले. वर्षभर बसवलं तरी चालेल म्हणाले. पोरगा हसतोय. मी रडतोय." तिने तो दोनदा वाचला आणि फोन उलटा ठेवला. तिलाही रडू येत होतं, पण इथे नको.

"गेला पर्थला," नेव सुस्कारा टाकून म्हणाला. टास्मानियाचा आनंद ओसरला होता आणि आता त्याला वाईटही वाटत होतं. "आपल्या घरचा पोरगा. सगळं त्या बॅनरपायी."

कुणीतरी हसलं. आता खरं सांगून मोकळं होता आलं असतं. गुरुवार, सराव, गोळ्या, सगळं. पण ती गोष्ट वॉरिकची होती, त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल.

"टेप मी लावली होती," ग्लेनिस म्हणाली.

सॉसेज भाजणाराही वळून बघायला लागला.

"चार थर," ती म्हणाली. "उत्तरेचा वारा सुटणार होता."

जोवर तो तिचा गुन्हा होता, तोवर जीभ रेटली नव्हती. आज नव्हता, तर शब्द किती सहज निघाले. तिचं तिलाच नवल वाटलं.

"बावीस वर्षं तू इथे बसून माझी बडबड ऐकलीस?" नेवचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "अगं, एकदा गप्प बस म्हणायचंस."

"तू ऐकलं असतंस?"

थानने टेपचं रीळ उचललं, कागदावरून ग्लेनिसच्या दिशेने घरंगळत सोडलं. "संधिवात आहे का अजून?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. तिने टोक नखाने सोडवलं, दाताने तोडलं, आणि गुडघे टेकून बॅनरच्या मधोमध सरकली.

"किती थर लावायचे?" थानने विचारलं.

"दोन."