तेल पाजलेला ब्रेक

मी मोटरसायकलीच्या मागच्या चाकातला ब्रेक-शू बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर चालू लागा. आजवर माझं ऐकलंय कुणी?

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या भीमरावांच्या गाडीत मला २००६ साली बसवलं. चाकाच्या डब्यात अंधार आणि धूळ. काम एकच, पाय दाबला की चाकाला धरायचं आणि झिजायचं. झिजण्याचं दुःख नाही, आमचा जन्मच त्यासाठी.

भीमरावांनी कंपनीत तीस वर्षं पत्रा दाबायचा प्रेस चालवला. उजवं मनगट तिथंच दुखावलेलं. अ‍ॅक्सिलेटर पिळून धरला की ठणकायचं. पण दर रविवारी बदलापूरला लेकीकडे, अस्मिताकडे, जायचंच. ती पोटुशी होती. मागं बायको चांगुणाबाई, मांडीवर बोंबलाच्या चटणीचा डबा.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका दुकानदारानं अ‍ॅक्सिलेटर अडकवून ठेवायचा स्क्रू त्यांच्या गळ्यात मारला. "दादा, क्रूझ कंट्रोल है ये! स्क्रू कस दो, हाथ को आराम. ब्रेक भी नहीं घिसेगा."

मोकळ्या रस्त्यावर मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू? गाडी एका चालीनं चालली तर मला कामच नाही. पण बदलापूरचा रस्ता मोकळा असतो कधी? खड्डा आला, रिक्षा आडवी आली, तरी स्क्रू सैल करायचा यांना कंटाळा. नुसता पाय माझ्यावर. तिकडं इंजिन पुढं ओढतंय, इकडं मी मागं धरतोय. कित्येक वर्षांची झीज चार महिन्यांत झाली. मी किंचाळायला लागलो.

"अहो, गाडी रडतेय. रामभाऊ मिस्त्रींना दाखवा की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"रडू दे. तुझ्यासारखीच कुरकुरी आहे."

प्रेसवर माणूस एकच शिकला होता, जे कुरकुरतं त्याला तेल. रविवारी सकाळी कुपी आणली आणि फटीतून माझ्यावर धार सोडली. थोड्या वेळानं मी गप्प.

"बघ, झाला की नाही गप्प!"

चांगुणाबाई हसल्या. डबा घेऊन मागं बसल्या.

वाटेत पुढच्या रिक्षानं पॅसेंजरसाठी खाडकन थांबा घेतला. भीमरावांनी पाय दाबला. मी चाकाला कवटाळलं, पण तेलकट अंगानं कसं धरणार? चाक हातातून निसटत गेलं. गाडी रिक्षावर आपटली. रस्त्यावर डबा पडला, मग चांगुणाबाई. खुबा मोडला.

रामभाऊंनी मला बाहेर काढलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "मोठ्या गाडीतलं क्रूझ कंट्रोल ब्रेकला पाय लागला की आपोआप सुटतं. त्यानं ब्रेक झिजत नाही. तुझा हा स्क्रू सुटतो का? अन् वर ब्रेकला तेल? भीम्या, बिजागरी आहे का ती?"

भीमराव एवढंच म्हणाले, "ती म्हणाली होती, दाखवा म्हणून."

अस्मिताला मुलगी झाली. आजी बारशाला जाऊ शकली नाही. अजूनही खाटेवरच आहे. मला भीमरावांनी फेकलं नाही, खिडकीत ठेवलंय. येता-जाता बघतात. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नाही.

तुम्हाला एकच सांगतो. कुरकुर बंद झाली म्हणजे दुखणं गेलं, असं समजू नका.

काल दार करकरलं. चांगुणाबाई खाटेवरून म्हणाल्या, "तेल घाला हो त्याला."

भीमराव उठले. कुपीला हात लावला नाही. दारापाशी गुडघे टेकून बसले.

"थांब. आधी बघू दे, कुठं घासतंय ते."