मला धरले की चालते, सोडले की थांबते

मी गवत कापायचे एक जुने यंत्र आहे आणि मला वेड लागलेले नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, कारण या घरात माझ्याविषयी भलतेच बोलले गेले आहे.

कारखान्यात मला एक गुण देऊन पाठवले. मला ढकलावे लागत नाही. मुठीजवळ दोन दांड्या आहेत. एक दाबून धरली तरच इंजिन आणि पाते फिरते. दुसरी दाबली की वायर ओढली जाते आणि माझी चाके आपणहून चालू लागतात. सोडली की स्प्रिंग वायरीला मागे खेचते आणि चाके थांबतात.

आजोबांचे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा त्यांनी मला आणले. किती हिरवळ कापली आम्ही! कुंपणापलीकडचे लोक म्हणत, "वा, गालिचाच अंथरलाय!" आजोबा खूश होत आणि काम संपले की मला पाइपखाली धरून डोक्यापासून न्हाऊ घालत. एवढे लाड कोणत्या यंत्राचे झाले असतील? त्या लाडांनीच माझा घात केला. वायरीच्या नळीत पाणी शिरले, गंज धरला. ओले गवत स्प्रिंगभोवती चिकटून वाळले.

मग एका सकाळी, फुलांच्या वाफ्यापाशी वळताना आजोबांनी चालायची दांडी सोडली. वायर मागे येईना. मी चालतच राहिले. आजोबांनी सवयीने इंजिनाची दांडी घट्ट धरलेली. मी त्यांना ओढत वाफ्यात घुसले. झेंडूचा चुरा झाला. आजोबा गुडघ्यांवर पडले, तेव्हा कुठे इंजिन थांबले.

सून धावत आली. ती घरीच कपडे शिवते. गळ्यात मोजपट्टी तशीच होती.

"बाबा, पुरे झालं आता. हे यंत्र पिसाळलंय. भंगारात द्या आणि तुम्ही व्हरांड्यात निवांत बसा."

"मग मलाही दे भंगारवाल्याला," आजोबा म्हणाले. "वजन जरा जास्त भरेल."

भंगारवाला दुसऱ्या दिवशी फाटकाशी आलाच. सून मला मागे ओढू लागली. मी जागची हलेना. का हलावे? चाके अजून अडकलेलीच होती. ती वैतागून खाली बसली. दांडी दाबली, सोडली. वायर ढिम्म. नळीच्या तोंडाशी तिला गंज दिसला.

"बाबा, तुम्ही याला धुता?"

"म्हणजे काय! दरवेळी. नखशिखांत!"

"अहो, मी माझ्या शिलाई मशीनला कधी आंघोळ घालते का?"

"स्वच्छतेनं कुणी बिघडतं होय?"

"हे बिघडलंय ना! आधी प्लगची टोपी काढा, चुकून सुरू नको व्हायला."

आजोबांनी टोपी काढली. सुनेने स्प्रिंगभोवतीचे गवत आकड्याने उपसले. शिलाई मशीनची तेलाची कुपी आणून नळीच्या तोंडाशी थेंब थेंब सोडले आणि आजोबा वायर खालीवर ओढत राहिले. खालून तांबडे पाणी गळाले. मग वायर सळकन मागे गेली.

"ताई, देताय की जाऊ?" भंगारवाला ओरडला.

"थांबा की जरा!"

टोपी लावली, इंजिन सुरू झाले. सुनेने मुठीकडे हात नेला. आजोबांनी तो अलगद बाजूला केला. ती मोजपट्टी घट्ट धरून उभी राहिली. मी निघाले, थेट त्या वाफ्याकडे. उरलेल्या झेंडूपासून वीतभर अलीकडे आजोबांनी दांडी सोडली.

मी थांबले.

"जा बाबा," आजोबा भंगारवाल्याला म्हणाले. "आज इथे काही भंगार नाही."

मित्रांनो, जुने झाले की दोनच गोष्टी करता तुम्ही. फेकता, नाहीतर लाडाने जागेवर बसवता. मला दोन्ही नकोत. कोरडे फडके द्या, तेलाचे चार थेंब द्या आणि माझे काम मला द्या. धरलेत की मी चालणार, सोडलेत की थांबणार. मध्येच अडकवून ठेवाल, तर झेंडूची जबाबदारी माझी नाही!