मूठ मोजणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे. पण मला ना चाके, ना वायर. एक दांडा, एक तबकडी आणि एक सुई, एवढाच माझा संसार. मला मुठीत धरून आवळले की सुई सरकते आणि हातात किती जोर आहे ते कळते. कारखान्यात माझ्यावर भारी वजने टांगून परीक्षा घेतली, तेव्हा मी हूं की चूं केले नाही.

तिथून मी रुग्णालयात आलो. रक्ताचा आजार झालेल्यांना जिथे नव्या मूळ पेशी देतात, त्या वॉर्डात. या उपचारात तोंड सोलून निघते, अन्नावरची वासना उडते. म्हणून आहारतज्ज्ञ ताई रुग्णांचे वजन, दंडाचा घेर आणि मूठ मोजत राहतात.

एकदा धुलाई कारखान्यात ओल्या चादरी पिळणाऱ्या एक मावशी लेकीसोबत उपचारासाठी आल्या. त्यांनी मला असे आवळले की सुई शेवटच्या रेघेला धडकली.

"अगं आई, मोडशील ते!" लेक खिदळली. मीही खूश झालो.

मग पेशी दिल्या. मावशींना घोटभर पाणी गिळवेना. नाकातून नळीने अन्न देऊ म्हटले की त्या मान फिरवत. आणि तरीही वजन वाढले!

"बघा ताई, वाढलंय की वजन. कशाला हवी ती नळी?" लेक हरखून म्हणाली.

ताईंनी मला मावशींच्या हातात दिले. "दाबा मावशी."

मी वाट पाहत राहिलो.

"दाबा ना."

"दाबतेय की गं!"

सुई जागची हललीच नाही. मित्रांनो, मला वाटले, मीच बिघडलो. ताईंनी मला स्वतः दाबून पाहिले, तर सुई टुणकन उठली. मी ठणठणीत होतो, आणि तेच भयंकर होते.

ताईंनी मावशींच्या पायावर बोट दाबले. खळगा पडला तो तसाच राहिला. अंगात नुसते पाणी साठले होते, आणि त्याच्याआड मांस झिजून गेले होते. चादरी पिळणारे तेच का हे हात? माझा विश्वासच बसेना. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, घालू दे गं नळी," ती कळवळून म्हणाली. या वेळी मावशींनी मान फिरवली नाही.

पुढे कितीतरी दिवस सुई कशीबशी थरथरायची. मग एके सकाळी मावशींनी मला बाजूला ठेवले आणि लेकीचा हात धरून दाबला.

"आई गं, दुखतंय!" लेक ओरडली. पण हात तिने सोडवून घेतला नाही.

आता माझी तबकडी पिवळी पडली आहे. एवढेच मागतो, आजारी माणसाचे वजन जरूर विचारा, पण त्याचा हात हातात घ्या आणि म्हणा, "दाब बघू."