पुठ्ठ्याला चिकटलेली पाठ

मी एक जुना नकाशा आहे. गोष्ट सांगताना 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमची-माझी मैत्री कसली? काचेवर नाक टेकवून तुम्ही माझ्यासोबत फोटो काढता आणि चहा प्यायला निघून जाता.

माले गावाजवळच्या एका खेड्याचा मी नकाशा. ऐंशी वर्षांपूर्वी एका मोजणीदाराने मला कापडावर चिकटवलेल्या जाड कागदावर काढलं. भातखाचरं हिरवी, ओढा निळा, देऊळ लाल. पाटील हैबतरावांचं घर तर त्याने कौलांसकट रंगवलं. ओढ्यापलीकडची एक वस्ती मात्र राहून गेली. आज ते लोक बौद्ध आहेत. तेव्हा त्यांना काय म्हणत, ते माझ्या तोंडून ऐकू नका.

त्या वस्तीतला कोंडिबा दोन दिवस मोजणीदाराच्या मागे फिरला. आमची मसणवट तरी दाखवा म्हणाला. पुढचे रंग वाळले होते, पुन्हा हात लावायला मोजणीदार तयार होईना. शेवटी त्याने मला पालथं घातलं आणि पाठीवर लिहिलं : ओढ्याच्या वळणापासून चाळीस पावलं, करंजाच्या झाडापर्यंत, ही वस्तीची मसणवट. खाली हैबतरावांची सही आणि कोंडिबाचा अंगठा. माझ्या अंगावरचं खरं काम तेवढंच. बाकी सगळी रंगरंगोटी.

पुढे हैबतरावांच्या घरात मी पत्र्याच्या नळकांड्यात पडून राहिलो. बांधाचं भांडण झालं की मला देवळात अंथरायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि माझ्यावर बोटं आपटायचे. पाठ कोणी पाहिली नाही. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाने, कैलासने, मला विद्यापीठाच्या ग्रंथालयाला भेट दिलं. त्याला शाल-श्रीफळ मिळालं. त्याच महिन्यात त्याने ओढ्याकाठची जमीन बंगलेवाल्यांना विकली. पाठीवरचं त्याला माहीत होतं का, मला ठाऊक नाही. त्याने मला कधी उलटं केलं नव्हतं.

इथे विशेष संग्रहाचे प्रमुख मनीष सर. माणूस वाईट नाही, म्हणूनच जास्त राग येतो. मला मजबुती यावी म्हणून त्यांनी पाठीवरचं न वाचताच तिला खळ फासली, मला पुठ्ठ्यावर दाबून बसवलं आणि काचेत लटकवलं. खाली पाटी लावली : 'आमच्या संग्रहातील खास ठेवा'. संगणकासाठी फोटो काढला, तोही पुढूनच.

तो फोटो पेपरात आला. तो पाहून काल गोजराबाई आली. कोंडिबाची सून, वय अठ्ठ्याहत्तर. तिचा नवरा सोपान आणि दोन पोरं त्या चाळीस पावलांत मातीआड आहेत. तिथे आता तारेचं कुंपण पडलंय. गुरुवारी तहसील कचेरीत सुनावणी आहे. लेखी पुरावा नसेल तर शुक्रवारी जेसीबी येणार. सोबत तिची नात धम्मदीपा होती, हातात कागदांची पिशवी घेऊन.

"सायेब, ह्यो उलटा करा. मागल्या अंगाला लिवलंय. मामंजींनी सांगितलं हुतं मला," गोजराबाई म्हणाली.

मनीष सरांचा चेहरा उतरला. "आजी, मागून तो चिकटवलाय. ओलं करून सोडवला तर पुढचे रंग फुटतील."

"फुटू द्यात की! त्या रंगात आमचं कोन हाय?"

"सर, आजीचं सगळं तिथं आहे," धम्मदीपा म्हणाली.

"समितीला विचारावं लागेल. बैठक पुढच्या महिन्यात आहे. तुम्ही अर्ज देऊन जा."

गोजराबाई काचेजवळ आली. मला वाटलं, आता ही काच फोडणार. तिने फक्त सरांकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हईन्यानं काय उकरून बघायचं?"

सरांनी अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी 'आम्हाला जपा' अशी विनवणी करायची असते. मी करणार नाही. जपून जपूनच तुम्ही माझं तोंड बंद केलंत. कोणाच्याही हातात ओलं फडकं असेल तर त्याने या काचेमागे यावं आणि मला पुठ्ठ्यापासून ओरबाडून काढावं. निळा जाऊ दे, लाल जाऊ दे, पाटलांची कौलंही जाऊ देत. चार ओळी आणि एक अंगठा उरला तरी पुरे. आज मंगळवार आहे.