नृसिंहाचा जबडा

लंडनमधल्या हाउन्सलोच्या कम्युनिटी हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर काचेच्या पेटीत दगडासारखा तपकिरी जबडा. हा साक्षात नृसिंहाचा, असं जगदीशगुरुजी माइकवरून सांगत होते. त्याचा अंगठ्याएवढा तुकडा ते रोग्याच्या जिभेला लावत. हाडानं जीभ धरली, की ते रोग पितंय. पुढच्या खेपेला सोडली, की रोग संपला. मग एनएचएसची, म्हणजे सरकारी दवाखान्याची, औषधं बंद.

स्वातीची आज ती दुसरी खेप होती. तिच्यामागे तिची मैत्रीण धम्मशीला उभी होती. मागच्या वर्षी भुयारी रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवर स्वातीला फिट आली, तेव्हा तिला रुळांच्या काठावरून मागे ओढणारी धम्मशीलाच. गोळ्या सुरू झाल्यापासून फिट आली नव्हती, आणि स्वाती त्याचं श्रेय हाडाला देत होती.

धम्मशीला मँचेस्टरला जीवाश्मांवर संशोधन करायची. स्वातीनं पाठवलेला फोटो पाहताच तिनं जबडा ओळखला होता. कात्रीच्या पात्यासारखी ती लांब दाढ कुठल्याच सिंहाला नसते. हा ऑस्ट्रेलियातला, कांगारूच्या गोतातला, पोटाला पिशवी असलेला मांसभक्षक. नामशेष होऊन हजारो वर्षं झालेला. ट्रेनमध्ये तिनं हे सांगितलंही. प्राणी कुठलाही असो, जीभ तर धरतो ना, असं स्वातीचं म्हणणं.

धरणारच. जुनं हाड सच्छिद्र असतं, ओल शोषून चिकटतं. पण मग तेच हाड पुढच्या खेपेला सुटतं कसं? ते धम्मशीलेलाही कळत नव्हतं.

रांगेत स्वातीच्या पुढे असलेल्या आजोबांची जीभ हाडानं धरली. गुरुजींनी तुकडा फडक्यानं पुसला आणि पुसता पुसता उलटा केला. ती बाजू दिव्याखाली चकाकली. धम्मशीला चमकली, पण तोवर तुकडा स्वातीच्या जिभेवरून घसरून तिच्या ओंजळीत पडलाही होता.

"रोग संपला, बेटा. गोळ्या आजपासून बंद."

"स्वाती, तोच तुकडा उलटा करून लाव," धम्मशीला म्हणाली.

गुरुजींनी झटकन हात पुढे केला. देवाची परीक्षा घेतली तर कोप होईल, असं बजावलं.   तरीही स्वातीनं तुकडा उलटा केला, जिभेला लावला आणि हात सोडला.

तुकडा लटकत राहिला.

"एका बाजूला वार्निशसारखं लॅकर मारलंय," धम्मशीला लोकांकडे वळली. "छिद्रं बुजली, की हाड चिकटत नाही. कोण बरं झालं ते देव नाही, यांची बोटं ठरवतात. औषध बंद करायचं की नाही हे डॉक्टरांना विचारा. आणि चमत्कार दिसला, की आधी तो उलटा करून बघा."

गुरुजींनी माइक उचलला, पण स्वातीनं तुकडा आधीच आजोबांच्या हातात दिला होता.

"आजोबा, तुम्हीच लावून बघा," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी."