शेवटच्या ताटाची साक्षीदार

मित्रांनो, पुसदजवळच्या एका गावात वामनराव शेतकऱ्याचं घर आहे. त्या घरात चुलीमागच्या खिळ्याला एक काळी लोखंडी पळी टांगलेली दिसेल. दांडा जरा वाकलेला, तोंड एका बाजूने झिजलेलं. ती मी. हल्ली मला फारसं कोणी हात लावत नाही, म्हणून तुमच्याशी बोलायला सवड आहे.

माझा जन्म कारखान्यातला नाही. वामनरावांच्या लग्नाच्या साली त्यांच्या वखराची पास मोडली. पास म्हणजे मातीखालून तण कापत जाणारं लांब पातं. गावाबाहेर बैलगाड्यांतून फिरणाऱ्या गाडी लोहारांचा तळ पडला होता. त्यातल्या खेमसिंगने ती पास दगडावर वाजवून पाहिली आणि म्हणाला, "लोहा चांगला हाये, मालक. फेकू नका. नव्या सूनबाईले पळी करून देतो." भात्यापुढे मी लाल झाले, घणाखाली ठोकली गेले आणि नव्या नवरीच्या, म्हणजे विमलताईंच्या हाती पडले.

ते माझे मिरवायचे दिवस होते. वामनरावांच्या शेतात कपाशीच्या आठ ओळींमागे तुरीच्या दोन ओळी असत. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर अंबाडी, मधेमधे मूग आणि चवळी, घरामागच्या तुकड्यात ज्वारी. दुकानातून आणायचं ते मीठ आणि गूळ. विमलताईंचं वरण असं घट्ट व्हायचं की मी भांड्यात उभी राहायचे. पाहुणे वरण भुरकत म्हणायचे, "वैनी, आणखी एक पळी येऊ द्या." मला वाटायचं, हे कौतुक माझंच आहे. तरुणपणी कोणाला असं वाटत नाही?

घरात वाढायचा मान विमलताईंचा. आधी वामनराव, मग आलागेला, मग मुलगा रजत, मग शेतावरचा गडी. सगळ्यांची ताटं उचलली की बायका बसायच्या. विमलताईंच्या सासूनेही असंच केलं होतं आणि तिच्या सासूनेही. भांडं भरलेलं होतं तोवर ही रीत कोणाला टोचली नाही, कारण शेवटच्या ताटालाही पुरेसं उरायचं.

मग कापसाची ती वर्षं आली. नवं बियाणं आलं, मोठी बोंडं आली, आणि सगळ्या गावाने कपाशी पार उंबऱ्यापर्यंत आणली. तुरीच्या ओळी गेल्या, धुऱ्यावरची अंबाडी तणनाशकाच्या फवाऱ्याने जळाली, घरामागची ज्वारीसुद्धा गेली. पांढरं सोनं म्हणतात कापसाला. म्हणोत बापडे, पण कापूस काही शिजत नाही. ज्या घराने तूर विकली होती, ते घर आता पुसदच्या बाजारातून पावशेर पावशेर डाळ आणू लागलं. कापसाचा भाव पडला की सगळ्यात आधी वरण पातळ व्हायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

भांडं आटलं, पण रीत तीच राहिली. मी पहिल्या ताटात दोनदा जायचे, तळापासून घट्ट घेऊन. शेवटच्या ताटात जे पडायचं त्याला वरण म्हणायला मला लाज वाटायची. पळीला वरणाची चव कळत नाही म्हणतात. चव नसेल कळत, वाटा मात्र बरोबर कळतो.

अशा दिवसांत रजतचं लग्न झालं आणि उमरखेडकडची अपेक्षा या घरात सून म्हणून आली. हसरी, उंच, दोन्ही हातांनी भराभर कापूस वेचणारी. पहाटे रिकाम्या पोटी कोरा चहा, दुपारी शेतात भाकरीचा तुकडा आणि मिरची, भूक लागली की पुन्हा चहा. चहाने भूक मरते हे तिला फार लवकर कळलं. वर्षभरात तिचे ओठ पांढुरके झाले आणि विहिरीवरून घागर आणताना ती दोनदा बसू लागली.

तिला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तरी तिचा वाटा वाढेल असं मला वाटलं होतं. तो कमी झाला. विमलताई दुष्ट नव्हत्या हो! सुनेच्या केसांना त्या स्वतः तेल लावायच्या. पण त्यांच्या मनात एक भीती घर करून होती. त्यांची थोरली बहीण बाळंतपणात गेली होती, तीन दिवस तळमळून. तेव्हा म्हाताऱ्या बाया म्हणाल्या होत्या की पोरीनं लय खाल्लं, लेकरू मोठं झालं, म्हणून अडलं. विमलताईंनी ते काळजात कोरून ठेवलं. "कमी जेव वं माय," त्या म्हणायच्या, "लेकरू बारीक असलं की सुखानं मोकळी होशीन." आणि माझ्यातलं अर्धं पुन्हा भांड्यात ओतायच्या.

लेकरू बारीकच झालं. मुलगा होता. नऊ दिवस जगला.

कोणी म्हणालं दृष्ट लागली, कोणी म्हणालं साल वाईट होतं. ताटाकडे कोणाचंच बोट गेलं नाही. मी खिळ्याला होते, मला सगळं माहीत होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. लोखंडाला रडू येत नाही असं समजू नका.

पुढच्या वर्षी अपेक्षाला पुन्हा दिवस राहिले. अंगणवाडीच्या विजयमालाबाईंनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि उपकेंद्रात नेऊन रक्त तपासून आणलं. "विमलताई, हिचं रक्त सातच हाये. बाराच्या जवळपास पायजे. असंच राह्यलं तर बाळ तं जाईनच, हे पोरगीही हाती लागनार नाही. गोळ्या द्या, अन् पोटभर जेवू द्या." विमलताईंनी मान डोलवली. बाई वळल्या आणि गोळ्यांची पुडी मिठाच्या बरणीमागे गेली. त्या गोळ्यांनीही लेकरू फुगतं, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

सातवा महिना लागला. त्या पावसाळ्यात गावोगाव सांधे धरणाऱ्या तापाची साथ आली. लोक अंगणात भिंत धरून चालायचे. विमलताईंची मनगटं अशी सुजली की त्यांना मला उचलवेना. त्या खाटेवर पडल्या. दोन दिवस अपेक्षानेच रांधलं आणि वाढलं, त्याच रीतीने. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने वरण उतरवलं आणि चुलीपुढेच भिंतीला टेकून बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. रजत कामाला उमरखेडला गेलेला. घरात धडधाकट म्हणावं असं एकटे वामनरावच होते.

त्यांनी मला उचललं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. धरायचं कसं तेही त्यांना धड कळेना. बायकोला एक पळी दिली. स्वतःला सवयीने दोन घेतल्या, तळापासून, घट्ट. जेवून हात धुतले आणि सुनेचं ताट घेऊन भांड्यापाशी आले. मी आत गेले आणि तळाला घासून नुसतं पाणी घेऊन वर आले. त्यांनी पुन्हा घातलं. पुन्हा तेच. ते भांडं तिरपं करून आत बघत राहिले.

"अपेक्षा, एवढंच?"

"रोज एवढंच राह्यते, मामाजी." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सूर्य उगवतो असं सांगावं, तसं तिने सांगितलं.

"काहून नाही सांगतलं मले?"

"सांगाचं कायले? आत्याबाईबी एवढंच जेवतेत."

वामनरावांनी भांडं खाली ठेवलं. मग जणू स्वतःशीच बोलले, "शेवटच्या ओळीले खत कमी पडलं तं मी मजुराले शिव्या देतो. अन् घरातली शेवटची ओळ मले कधी दिसलीच नाही."

मित्रांनो, वाढणारा आपला असला की पंगतीत शेवटी बसलं तरी चालतं, अशी म्हण आहे. या घरात वाढणारी आपलीच होती. तरीही शेवटचं ताट उपाशी होतं.

कोपऱ्यात राखेत मिसळून ठेवलेलं जुन्या गावरान तुरीचं मडकं होतं. बियाण्याचं. कपाशीच्या गर्दीत ते पेरायचं राहून गेलं होतं, पण वामनरावांनी ते मोडलं नव्हतं. त्यांनी मडक्याचं झाकण काढलं.

"अजी, बियाचं हाये थे!" विमलताई खाटेवरून ओरडल्या.

"बी गावात कोनाजवळही मागता येते. सून कोनाले मागू?"

शेतातल्या माणसाला घुगऱ्या शिजवता येतात. त्यांनी दाणे चार पाण्यांनी धुतले, चुलीत कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या सारल्या आणि तूर मऊ होईपर्यंत तिथंच बसून राहिले. मीठ, तिखट, वरून तेलाची धार. मग मला गच्च भरून त्यांनी अपेक्षाच्या ताटात रिकामं केलं. आणखी एकदा. आणखी एकदा.

"नका देऊ तिले एवढं!" विमलताई सुजल्या हातांनी उठायला लागल्या. "बाळंतपन अडन तिचं. माही अक्का गेली तशी जाईन थे."

वामनराव वळले. आवाज चढवला नाही. "अन् मांगच्या साली गेलं थे लेकरू? थे कोणतं मोठं होतं वं? माह्या पंजात मावलं होतं."

विमलताई पुन्हा खाटेवर बसल्या. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. अपेक्षा जेवत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी थांबत नव्हती. इतक्या भुकेलेल्या माणसाला मी त्याआधी वाढलं नव्हतं, किंवा रोज वाढत होते आणि मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विमलताईंनी कोणी न सांगता बरणीमागची पुडी काढून दिली. विजयमालाबाईंनी बजावलं, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. सकाळचा उपाशी चहा बंद झाला, चहाच्या आधी मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा आला. वामनरावांनी कुठून कुठून अंबाडी, चवळीचा पाला, शेवग्याच्या शेंगा आणल्या. भारी असं काहीच नव्हतं. भांडं मधोमध ठेवून सगळे एकदम बसू लागले आणि माझी पहिली फेरी अपेक्षाची झाली. लोखंडाच्या भांड्यातलं अन्न अंगी लागतं म्हणतात. लागत असेल, पण त्यासाठी आधी ते ताटापर्यंत पोचावं लागतं.

कापूस फुटला तेव्हा पुसदच्या दवाखान्यात मुलगी झाली. पावणेतीन किलोची. बाळंतपण अडलं नाही. दाराशी बसलेल्या विमलताईंनी दोनदा विचारलं म्हणे, "माय हाये ना? माय हाये ना?"

बाराव्या दिवशी बारशाची धामधूम आटोपली, बाया पांगल्या. विमलताईंनी सुनेसाठी ऊन ऊन भाकर, लसणाची फोडणी दिलेलं तुरीचं वरण वाढलं. दुसऱ्यांदा वाढताना त्यांचा हात थांबला. मी भरलेली तशीच ताटावर होते.

"पह्यल्याले मीच उपाशी मारलं वं, अपेक्षा."

तसं झालं नाही, असं खोटं सून बोलली नाही. तिने लेक मांडीवर सरकवली, सासूच्या हातून मला घेतलं आणि एक रिकामं ताट ओढलं. तळापासून घट्ट वरण घेतलं आणि त्या ताटात वाढलं.

"बसा, आत्याबाई. तुमी अजून जेवल्या नाही."

विमलताई बसल्या. ते आजारपण सोडलं तर त्या घरात आल्यापासून कोणी त्यांना वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. पहिला घास हातात धरून त्या किती तरी वेळ नुसत्या रडत होत्या, आणि अपेक्षा दुसरी पळी घेऊन थांबली होती.

पुढच्या हंगामात तुरीच्या ओळी शेतात परत आल्या. रजतने पुसदहून चकचकीत स्टीलच्या पळ्या आणल्या आणि मी खिळ्याला गेले. पावसाळ्यात अंगावर गंज चढतो, तेलाचं बोट कोणी लावत नाही. माझी तक्रार नाही. वापरा अगर टांगून ठेवा, लोखंड टिकतं. माणसाचं तसं नसतं, त्याला रोज लागतं.

म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. आज जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आधी भांड्यात वाकून बघा, आणि जी तुम्हाला वाढते आहे तिला विचारा, तू जेवलीस का? ती हो म्हणेल. तिच्यावर विश्वास ठेवू नका. तिला तुमच्या शेजारी बसवा आणि तिच्या ताटात आधी वाढा.