एक जण अजून पाण्यात आहे

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. घरात माळ्याला लावतात तसली नव्हे. मी होडीच्या कडेला टांगायची शिडी आहे. माझ्या दोन्ही बाजू लोखंडाच्या आणि पायऱ्या तुतीच्या लाकडाच्या. पायऱ्या आठ होत्या, त्यांतल्या आता सहा उरल्या आहेत. ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरच्या एका अंगणात लिंबाच्या झाडाला टेकून मी उभी असते. माझ्यावर आता माणसे चढत नाहीत, कोंबड्या बसतात.

मला घडवले ते पोथिया बंदरातल्या एका लंगड्या लोहाराने. तरुणपणी तो समुद्राच्या तळाशी जाऊन स्पंज कापून आणायचा. आमच्या बेटावर तेव्हा पुरुषांना दुसरा धंदाच नव्हता. लोहाराने माझी प्रत्येक पायरी पायाने दाबून पाहिली आणि मला विकत घेणाऱ्या सकेल्लारिसला म्हणाला, "खाली काय, कोणीही जातो रे. हिच्यावरून वर येशील तेव्हा मात्र सावकाश ये."

सकेल्लारिस त्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. डोक्यावर तांब्याचे शिरस्त्राण, पायात शिशाचे जोडे घालून तो माझ्यावरून पाण्यात उतरायचा. त्याच्या वजनाने माझे लोखंड कुरकुरायचे, पण मी कधी वाकले नाही. "अशी शिडी सबंध बंदरात नाही," असे तो सगळ्यांना सांगे. ते ऐकताना मला फार अभिमान वाटायचा.

मला घेतल्यापासून नवव्या वर्षी तो फार खोल गेला आणि घाईने वर आला. शेवटची पायरी तो स्वतःच्या पायांनी चढला, मला ते नीट आठवते. फळीवर बसून त्याने एक सिगारेट ओढली. मग उठायला गेला, तर पाय उठेनात. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्याचे असेच होते. पुढे बारा वर्षे तो खिडकीपाशी बसून राहिला. त्याला उचलणे, न्हाऊ घालणे, सगळे त्याच्या बायकोने, थेमेलिनाने केले. त्यांचा मुलगा मिकेस तेव्हा चार वर्षांचा होता.

सकेल्लारिस गेला. पुढे समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. मी कितीतरी वर्षे होडीच्या पोटात, अंधारात पडून गंजत होते.

मला बाहेर काढले ते मिकेसने. त्याने बापाची होडी पांढऱ्या-निळ्या रंगाने रंगवली, वर ताडपत्रीचे छत घातले, बाके ठोकली आणि धक्क्यावर पाटी लावली : 'अर्ध्या दिवसाची सहल. तीन ठिकाणी पोहणे. जेवणासह.' माझा गंज खरवडून मलाही पांढरा रंग दिला. खरे सांगते, पहिल्या उन्हाळ्यात मला अपमान वाटला. जिथे शिशाचे जोडे पडले, तिथे आता तेल चोपडलेले गुळगुळीत पाय पडू लागले. लोक माझ्यावर लटकून फोटो काढत. पण हळूहळू मला सवय झाली. ती माणसे पाण्यातून वर येताना हसत येत. माझ्यावरून हसत वर येणारी माणसे मी त्याआधी फारशी पाहिली नव्हती.

थेमेलिना होडीवर जेवण करायला येई. सातूचे कडक पाव पाण्यात भिजवून त्यांवर टोमॅटो, काकडी आणि शेळीच्या दुधाचे चीज, असे साधेच जेवण. पण तिचे खरे काम दुसरेच होते, आणि ते तिने आपणहून घेतले होते. पोहायचा थांबा आला की ती माझ्याशेजारी उलट्या खोक्यावर बसे. ॲप्रनच्या उजव्या खिशात चणे असत. एक माणूस पाण्यात उतरला की एक चणा डाव्या खिशात. माणूस वर आला की चणा पुन्हा उजवीकडे. डावा खिसा रिकामा झाल्याशिवाय ती मला वर ओढू देत नसे.

सुरुवातीला मिकेसला याचे कौतुक होते. "आमची आई आहे तोवर मला यादी-बिदी नको," असे तो पाहुण्यांना सांगायचा. नंतर धंदा वाढला. सकाळची एक सहल होती, तिच्या जोडीला दुपारचीही आली. मिकेस सारखा घड्याळ बघू लागला.

आणि मग एका जुलैमध्ये थेमेलिना चुकली. "एक बाई अजून पाण्यात आहे," असे म्हणून तिने होडी वीस मिनिटे अडवून धरली. सगळे पाण्याकडे डोळे लावून बसले. ती बाई खाली, आतल्या बाकावर गाढ झोपली होती. दुसऱ्या बाजूने दोर धरून ती वर आली होती. लोक खूप हसले. मिकेस हसला नाही.

"आई, आता पुरे हं तुझे चणे," तो म्हणाला. "पंचाहत्तरी उलटली तुझी. नजर गेली, कबूल कर ना!"

"नजर गेलेली बरी," ती म्हणाली. "माणूस जाण्यापेक्षा."

तिने चणे सोडले नाहीत. पण त्या दिवसापासून तिच्या शब्दाचे वजन गेले.

ऑगस्टमध्ये डेन्मार्कचा एक म्हातारा एकटाच आला. त्याचे नाव टोर्बेन. त्या आठवड्यात तो तीनदा आमच्या होडीवर आला. थेमेलिनाला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तिची. पहिल्याच दिवशी तो तिच्याशेजारी बसला आणि तिच्या हातातली सुरी घेऊन काकड्या सोलू लागला. तिने त्याच्या सालांकडे बघून नाक मुरडले.

"अरे बाबा, एवढी जाड साल? निम्मी काकडी कोंबड्यांना घालतोस की!"

त्याला काय कळले कोण जाणे, पण दुसरी काकडी त्याने पातळ सोलली. तेव्हापासून ती त्याला 'काकडीवाला' म्हणू लागली.

तिसऱ्या दिवशी शेवटचा थांबा कबुतरांच्या कपारीपाशी होता. तिथे कड्याच्या पोटात एक गुहा आहे. तेवीस माणसे पाण्यात उतरली. आणखी दोन होड्या जवळच उभ्या होत्या. थोड्या वेळाने मेल्तेमी, म्हणजे आमच्याकडचा उन्हाळ्यातला सोसाट्याचा वारा उठला, पाणी काळसर झाले आणि मिकेसने भोंगा वाजवला. माणसे भराभर माझ्यावरून वर आली. मी मोजत नाही, मित्रांनो, पण मला पाय ओळखता येतात. त्या म्हाताऱ्याचे पाय माझ्यावर आले नव्हते. त्याचे पांढरे डोके मला गुहेच्या तोंडाशी दिसत होते.

"मिकेस, थांब," थेमेलिना म्हणाली. "एक जण अजून पाण्यात आहे. काकडीवाला."

"आई, झालं का तुझं सुरू?"

"हा बघ." तिने डाव्या खिशातून एक चणा काढून तळहातावर धरला.

"चण्याच्या दाण्यावर मी होडी थांबवू? वारा बघ की! साडेतीनला धक्क्यावर पस्तीस लोक उभे असतील माझ्या नावानं शंख करत. खाली झोपला असेल तो, त्या बाईसारखा. जा, बघून ये."

ती खाली गेली. आणि मिकेसने मला वर ओढले. माझ्या अंगाचे पाणी फळीवर गळत होते. माझ्या पायऱ्या आभाळाकडे होत्या, मला समुद्र दिसत नव्हता. इंजिन सुरू झाले. लोकांनी टॉवेल गुंडाळले होते, कोणी कलिंगड खात होते. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण जिला तोंड होते ती ओरडतच वर आली.

"खाली कोणी नाही! मिकेस, होडी फिरव! अरे, खाली कोणी नाही!"

होडी कड्याच्या टोकाला वळसा घालून पुढे आली होती. मिकेसने मागे पाहिले. त्याचा हात सुकाणूवर थबकला, तेही मी पाहिले. मग तो म्हणाला, "दोन होड्या आहेत ना तिथं! घेतील त्याला कोणीतरी. मी दुपारी जातोच आहे."

"तुझ्या बापाला वर यायची घाई होती," थेमेलिना म्हणाली. "तुला जायची घाई आहे."

"बापाचं नाव काढू नकोस लोकांसमोर."

पण लोकांना काय कळणार? त्यांना त्या दोघांची भाषा येत नव्हती. एक म्हातारी मुलाशी भांडते आहे, एवढेच त्यांना दिसले. काही जण गालात हसले. त्यांनी तिला जुलैतही पाहिले असते, तर पोट धरून हसले असते.

दुपारी मिकेसने पहिले दोन थांबे घेतलेच नाहीत, तो सरळ कपारीशी गेला. एवढे त्याच्या बाजूने मी सांगायलाच हवे. त्या दोन होड्या वारा वाढायच्या आधीच निघून गेल्या होत्या. टोर्बेन कड्याच्या आडोशाला पाण्यावर पालथा तरंगत होता. त्याचे तळवे कपारी धरून धरून सोलून निघाले होते. मिकेसने कपड्यांसकट उडी मारली आणि त्याला खांद्यावर घालून माझ्यावरून वर आणले. सहाव्या पायरीवर त्या मेलेल्या माणसाचा पाय अडकला. थेमेलिनाने तो वाकून सोडवला आणि आपला ॲप्रन काढून त्याच्या तोंडावर घातला.

दुसऱ्या दिवशी बंदराचा अधिकारी होडीवर आला. त्याने मला हलवून पाहिले, माझ्या पायऱ्या मोजल्या. मग विचारले, "माणसं मोजायचं काम कोणाचं?"

"आईचं," मिकेस म्हणाला. तो पायाखालच्या फळ्यांकडे बघत होता. "ती म्हणाली, सगळे आले."

अधिकारी वयस्क होता. तो म्हणाला, "थेमेलिनाकाकू, नीट आठवून सांगा. मोजण्यात चूक झाली असेल तर ती चूक. पण माणूस पाण्यात आहे हे माहीत असून कप्तान निघाला असेल, तर त्याला आत जावं लागेल."

थेमेलिनाने मुलाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. तो वर बघेना.

"माझीच चूक," ती म्हणाली. "नजर गेली माझी."

मित्रांनो, होडीवर हे खोटे आहे हे जाणणारे आम्ही तिघेच होतो. एकाला बोलायचे नव्हते, एकीने बोलून टाकले होते आणि मी शिडी होते.

मिकेसला काही महिने बंदी झाली, दंड झाला. पुढच्या उन्हाळ्यात होडी पुन्हा सुरू झाली. त्याने चकचकीत स्टीलची नवी शिडी बसवली आणि मला धक्क्यावर टाकून दिले. थेमेलिनाने शेजारच्या दोघांना सांगून मला अंगणात आणवले. तोवर बंदरात सगळीकडे झाले होते, "म्हातारीच्या मोजण्यात माणूस बुडाला." बेकरीत ती आत शिरली की बायका बोलायच्या थांबत. एक जण तर तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "चणे घरी सोलत बसायचं वय ते." त्यानंतर ती बंदरावर उतरली नाही. पाव शेजारणीकडून मागवते.

एके दिवशी टोर्बेनची मुलगी लिने आली. पन्नाशीची, अगदी बापासारख्या डोळ्यांची. तिला या म्हातारीला भेटायचे होते. भाषेसाठी तिने कोणाला सोबत आणावे? मिकेसलाच. दुसरे कोणी इंग्रजी बोलणारे तिला भेटले नसेल, किंवा तोच आपणहून आला असेल, मला माहीत नाही. तिघे या लिंबाखाली, माझ्यापासून दोन हातांवर बसले.

लिनेने काहीतरी विचारले. तिने पुन्हा विचारले.

"ती विचारते," मिकेस म्हणाला, "त्या दिवशी तिचे वडील मागं राहिलेत, असं तुला क्षणभरही वाटलं नव्हतं का?"

थेमेलिना मांडीवर झग्याला पडलेला डाग नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "सांग तिला, नाही वाटलं. मोजणं चुकलं. पण तिचे वडील चांगले होते. काकड्या सोलायला शिकले होते."

मिकेसने सांगितले. लिने रडू लागली. मग उठून तिने थेमेलिनाचे दोन्ही हात हातांत घेतले आणि हळू आवाजात काही बोलली.

"काय म्हणते?" थेमेलिनाने विचारले.

मिकेसने खाली पडलेले एक लिंबू उचलले.

"अरे, काय म्हणते ती?"

"ती म्हणते... तिनं तुला माफ केलंय."

थेमेलिनाने मान हलवली. लिनेला तिने लिंबे दिली, फाटकापर्यंत पोहोचवले. परत आली तेव्हा मिकेस माझा लोखंडी दांडा धरून उभा होता.

"आई," तो म्हणाला.

"जेवून जा," ती म्हणाली.

दर रविवारी तो येतो. ती त्याला वाढते, मासे तळते, एक घास कमी पडू देत नाही. पण तो जेवत असताना ती घरात बसत नाही. खुर्ची घेऊन बाहेर माझ्यापाशी येते आणि त्याचे ताट वाजायचे थांबेपर्यंत बसून राहते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग द्या, गंज खरवडा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे काय, मी लोखंड आहे, माझे जे व्हायचे ते होईल. मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरातले कोणी थकलेले माणूस, मागे एकदा चुकलेले, तुम्ही ज्याला हसलेले, कधी म्हणाले की थांबा, कोणीतरी मागे राहिले आहे, तर शिडी ओढून घेऊ नका. पुन्हा एकदा मोजा. उशीर होईल, लोक रागावतील, ते पुन्हा चुकलेलेही असेल. चुकले असेल तर मग हसा. पण आधी थांबा.